मुलांचें गीतचित्र आणि गुरुजींचे धडे

शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेल्या मनुष्यास एक खोड जन्माची चिकटते. समोर चार मुलें दिसलीं कीं, त्यांना कांहीं तरी शिकविल्याशिवाय त्याच्यानें राहवत नाहीं. आणि आपल्यालाही अजून कांहीं शिकावयाचें उरलें आहे, ही गोष्ट सहसा त्याच्या ध्यानांत येत नाहीं. छत्तीस वर्षें संस्कृत शिकवून मी घरीं बसलों तेव्हां माझीही समजूत अशीच होती. गेल्या हिवाळ्यांत सात मुलांनीं मिळून ती दुरुस्त केली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें. कारण त्या सहा आठवड्यांत मला जें उमगलें तें केवळ चित्रीकरणाविषयींचें नाहीं. ज्या घरांत दहा माणसें एकत्र नांदतात, त्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध आहे.

एके दिवशीं संध्याकाळीं माझी नात आपल्या सहा सोबत्यांस घेऊन ओटीवर आली. येथें वाईंत त्यांच्या शाळेचें स्नेहसंमेलन जवळ आलें होतें. त्यासाठीं त्यांना एक ‘म्युझिक व्हिडिओ’, म्हणजे गाणें आणि त्यास जुळणारें चलच्चित्र, तयार करावयाचें होतें. शाळेची अट अशी कीं, कोणी वडीलधारें माणूस बरोबर पाहिजे. ‘‘आजोबा, तुम्हांला कांहीं करायचं नाहीं, नुसतं बरोबर यायचं,’’ असें नातीनें आश्वासन दिलें. नुसतें बरोबर जाणें माझ्या स्वभावांत नाहीं, हें तिला ठाऊक असावयास हवें होतें!

प्रथम मीं नापसंतीच दर्शविली. गाणें ऐकावयाचें असतें. तें पाहावयाचें कशाला, असा माझा आक्षेप. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मला माझेंच शास्त्र आठवलें. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांत गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींच्या समुच्चयासच त्यानें संगीत ही संज्ञा दिली आहे. म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग आपल्या पूर्वजांनीं संगीतांतून वगळलाच नव्हता. ती काटछाट माझी. सकाळीं मीं होकार कळविला, आणि या नव्या वस्तूस मनांतल्या मनांत ‘गीतचित्र’ असें नांवही देऊन टाकलें.

मुलांचा पहिला बेत एका गाजलेल्या चित्रपटगीतावर ओंठ हलवून नाच करण्याचा होता. तेव्हां मीं विचारलें, ‘‘हें गाणं कोणाचं?’’ मुलांस प्रश्नच कळेना. जें मोबाइलवर वाजतें तें सर्वांचें, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. मग मीं त्यांना समजावून सांगितलें कीं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें कवीच्या शब्दांस व संगीतकाराच्या चालीस त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षें संरक्षण दिलें आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क निराळा, आणि तोही प्रसिद्धीनंतर ६० वर्षें टिकतो. शाळेच्या कार्यक्रमांत विद्यार्थ्यांनीं एखादें गीत सादर करण्यास कायदा मोकळीक देतो. परंतु तेंच चित्रबद्ध करून इंटरनेटवर जगापुढें मांडणें ही गोष्ट वेगळी. मुलें हिरमुसलीं. थोड्या वेळानें त्यांतली एक म्हणाली, ‘‘मग आपणच लिहूं या कीं!’’

तिनें कृष्णेवर गीत लिहिलें. पेटी वाजविणाऱ्या एका मुलानें त्यास भूप रागांत चाल लावली. भूपांत मध्यम व निषाद वर्ज्य. पांचच स्वर असल्यामुळें शाळकरी गळ्यास तो झेपतो. आठ दिवसांत गाणें तयार झालें. उसन्या अलंकारांनीं लग्न साजरें करण्यापेक्षां घरचे साधे मणी बरे, हा पहिला धडा मुलांना मिळाला. मला मात्र वाटलें कीं, तो मींच दिला!

यानंतर मी सातही घरीं जाऊन आलों. मुलांचे चेहरे पडद्यावर आणि कदाचित् इंटरनेटवर दिसणार. तेव्हां आईबापांची संमति आधीं घेणें हें माझें कर्तव्य होतें. सहा घरांनीं आनंदानें होकार दिला. सातव्या घरीं त्या मुलीच्या आजींनीं माझें सर्व बोलणें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, ‘‘गुरुजी, तिचा चेहरा जगभर फिरावा असं आम्हांला वाटत नाहीं. पण तिला कामाची हौस आहे. पडद्यामागचं काय असेल तें करूं दे.’’ मीं आनंदानें कबूल केलें. या संभाषणाची वाचकांनीं आठवण ठेवावी. मीं ती ठेवली नाहीं.

आतां दुसरा धडा. माझी कल्पना अशी होती कीं, मुलगा घाटावर उभा राहून गाईल आणि कॅमेरा त्याचें चित्र व आवाज दोन्ही टिपील. आपल्या बोलपटाच्या आरंभीं खरोखर तसेंच होत असे. १९३१ सालीं ‘आलम आरा’ निघाला, १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्या काळीं नटानें कॅमेऱ्यापुढेंच गावयाचें व वादकांनीं दृष्टीआड बसून साथ करावयाची, असा प्रघात होता. पुढें १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्यें नितीन बोस यांच्या ‘धूप छांव’ या चित्रपटापासून गाणें अगोदर मुद्रित करून घेण्याची पद्धति हिंदी बोलपटांत सुरू झाली. मुलांनींही तोच मार्ग धरला : आधीं कान, मग डोळा.

ध्वनिमुद्रण आमच्या माजघरांत झालें. उघड्या भिंतींवर आपटून आवाज परत येतो व गाणें गढूळ होतें, म्हणून सूनबाईंनीं घरांतल्या साऱ्या गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या. पंखा बंद, घड्याळ बाहेर, फ्रिजही बंद. (तो पुन्हां सुरू करावयाचें कोणाच्याच लक्षांत राहिलें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सबंध घरास काळा चहा प्यावा लागला.) पहिल्या खेपेस मुलगा फार गोड गायला, पण मोजून पाहतां सुरवातीस मिनिटाला १२० मात्रांची असलेली लय शेवटीं १२८ वर गेली होती. उत्साहांत गति वाढते, आणि वाढत आहे हें वाढविणाऱ्यास कळत नाहीं. अखेर कानांत लयीचा ठोका वाजवीत त्याला गाववावें लागलें, तेव्हां गाणें एकसारखें उतरलें.

या ठिकाणीं सातव्या मुलीचें काम सुरू झालें. तिनें एक वही घातली. गाणें ३ मिनिटें १२ सेकंदांचें, म्हणजे १९२ सेकंदांचें. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एकंदर ३८४. ताल केरवा, आठ मात्रांचा. म्हणून सबंध गाण्याचीं आवर्तनें ४८. मोबाइलचा कॅमेरा सेकंदास ३० चित्रें घेतो. म्हणून एका मात्रेस १५ चित्रें व चार सेकंदांच्या एका आवर्तनास १२०. तिनें वहींत ४८ ओळी आंखल्या. प्रत्येक ओळींत गीताचे शब्द, चित्र कोठें घ्यावयाचें, कोण दिसणार, ऊन कोणत्या बाजूचें, अंगावर कपडे कोणते, अशीं घरें पाडलीं. त्रैराशिक मीं पोटासाठीं कधीं शिकविलें नाहीं. पण गणित आणि संगीत इतक्या सलोख्यानें एका पानावर नांदतांना मीं प्रथमच पाहिलें.

चित्रीकरणासाठीं मुलांनीं मेणवली निवडली. वाईहून जवळच, कृष्णेच्या कांठीं नाना फडणिसांचा वाडा आणि दगडी घाट आहे. २००४ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ चित्रपटाचें चित्रीकरण तेथें झालें होतें, हा मुलांचा ओढा, मला वाड्याचा. एका रविवारीं पहाटे आम्ही निघालों. सोबत दोन मोबाइल, एक तिकटें, एक छोटा स्पीकर आणि दशम्यांचा डबा.

येथें मीं माझी मार्गदर्शकी दाखविली. गाणारा मुलगा घाटाच्या दूरच्या टोकाला उभा होता. स्पीकर त्याच्याजवळ नेण्याची मुलांची इच्छा. पण तो चित्रांत दिसेल म्हणून मीं तो कॅमेऱ्यापाशींच ठेवविला. गाणें वाजलें, मुलानें ओंठ हलविले, सर्वांस तें छान वाटलें. रात्रीं संगणकावर गाणें व चित्र एकत्र जोडलें तेव्हां मात्र कांहीं तरी खुपूं लागलें. कोणास नेमकें सांगतां येईना. वहीवाली मुलगी दहा वेळां तो तुकडा पाहून म्हणाली, ‘‘याचे ओंठ गाण्याच्या मागं पडतायत. जवळ घेतलेल्या चित्रांत नाहीं पडत, लांबच्याच पडतायत.’’

कारण आमच्या नववींतल्या पुस्तकांतच होतें. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. मुलगा आमच्यापासून अदमासें ३४ मीटर दूर. तेव्हां गाणें त्याच्या कानीं पडावयास सेकंदाचा दहावा हिस्सा लागला, म्हणजे तीन चित्रें! तितका तो मागें राहिला. मीं कपाळास हात लावला. शब्द पाण्यावरील लाटेसारखा एकापासून दुसरा असा पसरत श्रोत्याकडे येतो, हा नैयायिकांचा ‘वीचीतरंगन्याय’ मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून समजाविला होता. त्याची परीक्षा नदीकांठींच झाली, आणि तींत गुरुजी नापास झाले! मुलीनें तीं तीन चित्रें पुढें सरकवून दोष काढला. पुढच्या खेपेस स्पीकर गाणाऱ्याजवळ, झाडाआड ठेविला. आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभीं गाणाऱ्यानेंच कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावयाची, म्हणजे हात मिळालेले दिसतात तें चित्र आणि टाळीचा आवाज पुढें संगणकावर तंतोतंत जुळवितां येतात, असें ठरलें.

तिसरा धडा टाकण्याचा. दोन रविवारांत मिळून दोन तासांहून अधिक चित्रीकरण झालें होतें. त्यांतून ठेवावयाचीं मिनिटें तीन. मुलांचें भांडण जुंपलें. प्रत्येकास आपला तुकडा प्रिय. मीही त्यांत एकदां दिसत होतों : धोतर, उपरणें, हातांत तांब्या, पायऱ्या उतरून कृष्णेस अर्घ्य देणारा मी. चित्र सुरेख आलें होतें, असें माझें मत. वहीच्या एकतिसाव्या ओळीवर बोट ठेवून ती मुलगी हळूच म्हणाली, ‘‘गुरुजी, इथं शब्द पावसाचे आहेत, आणि तुमच्या चित्रांत कडक ऊन आहे.’’ कोणी कांहीं बोलेना. मींच तें चित्र काढावयास सांगितलें. जें चांगलें आहे तें सारेंच ठेवून चालत नाहीं. जेथल्या तेथें बसतें तेवढेंच ठेवावें लागतें. पाटावर वाढतांना आपल्या आयाबहिणी हें न सांगतां पाळत आल्या आहेत. आम्हां विद्वानांस तें चित्र कापल्याखेरीज कळत नाहीं.

आतां ज्यासाठीं ही लेखणी उचलली ती गोष्ट.

गीतचित्राच्या शेवटीं नामावली द्यावयाची होती. ‘‘शुद्धलेखन तुमचं, गुरुजी,’’ म्हणून मुलांनीं ती माझ्याकडे सोंपविली. मीं बसून यादी केली. मार्गदर्शक, अर्थात् मी. तें नांव सर्वांत वर. मग गीत, संगीत, गायन, नृत्य करणाऱ्या दोघी, छायाचित्रण, आणि संकलन. संगणक आमच्या घरचा म्हणून संकलनाखालीं नातीचें नांव घातलें. ऱ्हस्वदीर्घ दोनदां तपासलें. एकही चूक नव्हती.

स्नेहसंमेलनाच्या रात्रीं शाळेचें पटांगण भरलें होतें. दिवे मालवले, पडद्यावर कृष्णा वाहूं लागली, आणि तीन मिनिटें बारा सेकंद कोणी खोकलें देखील नाहीं. टाळ्या झाल्या. नांवें वर सरकूं लागलीं. माझ्या पुढच्याच रांगेंत त्या मुलीच्या आजी बसल्या होत्या. त्यांनीं चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला आणि त्या किंचित् पुढें झुकल्या. नांवें संपलीं, पडदा काळा झाला, तरी त्या तशाच झुकून पाहत राहिल्या. त्यांना वाटलें असावें, अजून कांहीं यावयाचें आहे.

त्या क्षणीं माझ्या छातींत लख्खकन् झालें. सात मुलें, आणि नांवें सहा! मीं हेतुपुरस्सर वगळलें नव्हतें. मीं मथळे पाडले आणि त्यांखालीं माणसें बसविलीं; तिचें काम एकाही मथळ्याखालीं बसेना. तिच्या कामाला नांव नव्हतें, म्हणून तिचें नांव राहिलें. जिचा चेहरा पडद्यावर यावयाचा नव्हता, तिचीं तेवढीं चार अक्षरें तिथें यावयाचीं होतीं. आणि तींच मीं पुसलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्यांच्या घरीं गेलों. मुलीनें नेहमींप्रमाणें वाकून नमस्कार केला. मीं चूक कबूल केली तेव्हां ती म्हणाली, ‘‘मला आधींच यादी दिसली होती, गुरुजी. पण तुम्हीं लिहिली होतीत; म्हटलं, तुम्हीं विचार करूनच लिहिली असणार.’’ या वाक्यानें मला जितकी लाज वाटली तितकी छत्तीस वर्षांत कोणत्या उद्धट उत्तरानेंही वाटली नव्हती. आपल्या विद्यार्थ्यानें आपल्या चुकीवरही विश्वास ठेवावा, याला मी आजवर आदर समजत आलों. तो आदर खरा असेल. पण त्यानें एका मुलीचें तोंड बंद केलें होतें. आजी एवढेंच म्हणाल्या, ‘‘होतं असं. आमचीही नांवं कुठं असतात?’’ आणि त्यांनीं चहा पुढें केला.

त्यांचें म्हणणें इतिहासासही धरून आहे. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला हें शाळेंतलें पोर जाणतें. परंतु फिल्मच्या पट्टीस छिद्रें पाडणाऱ्या, ती धुण्याच्या कामीं हात लावणाऱ्या, आणि त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही उरकणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई किती जणांस माहीत आहेत? त्यांचे दागिनेही त्या उद्योगाच्या कामीं आले. १९४९ सालीं ‘महल’ चित्रपटाच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हां तिच्यावर गायिका म्हणून नांव छापलें होतें तें चित्रपटांतील नायिकेचें, ‘कामिनी’. हा आवाज कोणाचा, अशी लोकांनीं रेडिओकडे विचारणा केली, तेव्हां लता मंगेशकर हें नांव श्रोत्यांस कळलें. जो आवाज पुढें घरोघरीं पोंचला, त्यालाही आपलें नांव असें मिळवावें लागलें; मग एका शाळकरी मुलीच्या वहीची काय कथा?

चित्रपटांच्या नामावलींत अशा नोंदी ठेवणाऱ्यास स्वतंत्र जागा असते, हें मला मागाहून कळलें. आम्हीं मराठींत ‘चित्रयोजना व नोंदवही’ असा मथळा केला, त्याखालीं तिचें नांव घातलें आणि संकलनांतही नातीच्या जोडीस तें लिहिलें. (ही सूचना नातीचीच, तिनें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें तिचें वर्णन करीत नाहीं.) ‘मार्गदर्शक’ हा शब्द खोडून ‘सोबत’ असा शब्द लिहिला आणि माझें नांव शेवटीं नेलें. घरोघरीं ज्या प्रती गेल्या त्या अशा दुरुस्त होऊन गेल्या. परंतु त्या रात्रीं पटांगणांत पुढें झुकून पाहणाऱ्या आजींस मीं जें दाखविलें नाहीं, तें आतां कोणत्याही दुरुस्तीनें दाखवितां येणार नाहीं. छापील चुकीस शुद्धिपत्र असतें; अशा चुकीस नसतें.

वाचकांपैकीं कोणाच्या घरचीं मुलें असा उद्योग करूं म्हणतील, तर त्यांना जरूर करूं द्यावा. दोन मोबाइल आणि चार गोधड्या एवढ्यावर तो साधतो. गाणें शक्य तर त्यांचें स्वतःचें असावें. आवाज आधीं मुद्रित करावा. आईबापांस आधीं विचारावें. आणि नामावली मात्र कोणा एकानें, विशेषतः वडीलधाऱ्यानें, एकट्यानें करूं नये. सर्वांनीं गोल बसून ती मोठ्यानें वाचावी आणि प्रत्येकास विचारावें, ‘‘तूं काय केलंस?’’ ज्याच्या कामास शब्द सांपडत नसेल, त्याचें नांव प्रथम लिहावें.

ती वही सध्यां माझ्याकडे आहे. मुलीनें ती मला वाचावयास दिली. ४८ ओळींच्या खालीं पेन्सिलीनें एकोणपन्नासावी ओळ आंखलेली आहे, आणि तिच्यांत सातही मुलांचीं नांवें, कोणीं काय केलें तें लिहून, व्यवस्थित मांडलेलीं आहेत. यादी करतांना ती वही माझ्या हाताशींच होती. मीं ती उघडून पाहिली नव्हती.